स्वदेशप्रीती आणि सरकारची परीक्षा
रायपूरच्या माधवराव सप्रे यांच्या निमित्ताने

देशावर प्रेम करणे म्हणजे देशाच्या सरकारवर प्रेम करणे होय काय? हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु इतिहासात तो विचारला गेला तेव्हा त्याचे उत्तर देणाऱ्याला अनेकदा न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले आहे. सरकारचे दोष दाखविणारा मनुष्य देशाचा मित्र की शत्रू, याविषयी राज्यकर्त्यांचे मत आणि पुढील पिढ्यांचे मत यांत पुष्कळदा अंतर पडलेले दिसते. ज्यांना एका काळी राजद्रोही ठरविण्यात आले, त्यांचीच नावे नंतर रस्त्यांना आणि शाळांना देण्यात आली. असे का घडते याचा विचार केल्याशिवाय देशभक्ती या शब्दाचा अर्थ पुरता उलगडत नाही.

या विचारासाठी प्रस्तुत प्रकरणात छत्तीसगडातील रायपूर हे नगर निवडले आहे. या नगराच्या सार्वजनिक जीवनात मराठी मातृभाषा असलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा होता. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर ही कुटुंबे महानदीच्या खोऱ्यात पसरली आणि तेथेच रुजली. त्यांच्यापैकी पंडित माधवराव सप्रे यांचे जीवन या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. त्यात धैर्य आहे, तसाच पराभवही आहे. आणि पराभवानंतरचे दीर्घ, शांत कार्यही आहे.

टीकाकाराची पहिली उमेदवारी

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. बालपण बिलासपुरात गेले आणि पुढील शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी शाळेत झाले. त्या काळात पदवीधर तरुणाला सरकारी नोकरीचा दरवाजा सहज उघडत असे. सप्रे यांनी तो मार्ग पत्करला नाही. पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक म्हणून त्यांनी काम स्वीकारले आणि त्या वेतनातून एक मासिक काढण्याचा संकल्प केला. जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ निघाले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक होते आणि रायपूरचे वामनराव लाखे हे प्रकाशक होते. ज्या प्रदेशात त्यापूर्वी असे नियतकालिक नव्हते, तेथे तीन मराठी भाषिक तरुणांनी हिंदी मासिक चालविले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपला देश म्हणजे केवळ आपली मातृभाषा नव्हे, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखविले.

काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी मध्य प्रांताला गांजले होते. अशा वेळी मासिकाने आरंभी थेट राजकारणाला हात घातला नाही. त्याने ज्या विषयात लौकिक मिळविला तो होता ग्रंथपरीक्षणाचा. नव्या हिंदी पुस्तकांचे गुण आणि दोष भीडमुर्वत न ठेवता सांगणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. ज्या भाषेची सेवा करावयाची तिच्यातील लेखकांची केवळ स्तुती करावी, असे सप्रे यांना वाटले नाही. दोष दाखविल्याशिवाय भाषेची वाढ होणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

ही बाब क्षुल्लक नाही. प्रामाणिक टीकेचे शिक्षण सरकारपासून सुरू होत नसते. ते आपल्या मित्रांपासून, आपल्या भाषेपासून आणि आपल्या समाजापासून सुरू होते. जो आपल्या घरातील उणीव पाहू शकत नाही, त्याने राजवाड्यातील उणिवेवर बोट ठेवले तर ते बोट द्वेषाचे असण्याचा संभव अधिक असतो. १९०१ मध्ये सप्रे यांची ‘एक टोकरीभर मिट्टी’ ही कथा याच मासिकात आली. गरीब विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला तिच्याच जमिनीतील टोपलीभर माती उचलता येत नाही, असे तिचे कथानक आहे. येथेही रोख परक्या सत्तेवर नसून आपल्याच समाजातील बलवंतावर आहे. पैशाच्या अभावी मासिक १९०२ च्या अखेरीस बंद पडले. पण संपादकाची उमेदवारी पूर्ण झाली होती.

सत्तेशी गाठ

यानंतर सप्रे नागपूरला आले. तेथे त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक प्रसिद्ध निबंधाचा महावीरप्रसाद द्विवेदी यांनी केलेला हिंदी अनुवाद याच ग्रंथमालेतून वाचकांपर्यंत पोहोचला. मत दडपण्याने बोलणाऱ्याचेच नव्हे, तर ऐकणाऱ्याचेही नुकसान होते, हा मिल यांचा मुख्य मुद्दा होता. दडपलेले मत खरे असेल तर समाज सत्याला मुकतो. आणि ते खोटे असेल, तरी त्याच्याशी वाद केल्याने जी स्पष्टता आली असती तिला मुकतो. वंगभंगानंतरच्या वातावरणात हा विचार केवळ तात्त्विक राहिला नव्हता. १९०६ मध्ये सप्रे यांनी स्वदेशी आणि बहिष्कार या विषयांवर एक पुस्तक लिहिले. पुढे सरकारने ते जप्त केले.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ साप्ताहिक निघू लागले. लोकमान्य टिळकांच्या मराठी ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपुढे नेणे हा त्याचा उद्देश होता. सरकारी नोकरीतील माणसांनी असे पत्र उघडपणे हाती धरणे धोक्याचे होते, तरी ते पुष्कळ ठिकाणी पोहोचत असे.

पुढील वर्षी वातावरण एकदम पालटले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फेकला गेला आणि त्यात दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. सरकारने जून महिन्यात वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा केला. १२ मे आणि ९ जून रोजी ‘केसरी’त प्रसिद्ध झालेल्या अग्रलेखांबद्दल टिळकांवर खटला भरण्यात आला आणि जुलै महिन्यात त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या लेखांत टिळकांनी बाँबचे समर्थन केले नव्हते. दडपशाहीने प्रजेला निराश केले की असे अत्याचार घडतात, म्हणून दडपशाही हा त्यांवरील उपाय नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारण सांगणे आणि समर्थन करणे यांतील भेद न्यायालयाने मानला नाही. ऑगस्ट १९०८ मध्ये नागपुरात सप्रे यांना अटक झाली. ‘देशसेवक’ पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही त्याच सुमारास पकडण्यात आले.

कायद्यातील ‘प्रीती’

ज्या कलमाखाली हे खटले भरले गेले, त्याची माहिती येथे करून घेतली पाहिजे. भारतीय दंडसंहितेचे १२४-अ हे कलम १८६० च्या मूळ संहितेत नव्हते. ते १८७० मध्ये घालण्यात आले. कायद्याने स्थापित झालेल्या सरकारविषयी ‘अप्रीती’ उत्पन्न करणे हा त्यात अपराध मानला होता आणि त्यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. १८९७ मध्ये टिळकांवरील पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा व्यापक केला. १८९८ मध्ये कलमाची भाषा बदलून त्यात द्वेष आणि तुच्छता यांचाही समावेश करण्यात आला.

तथापि त्याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेले होते. सरकारच्या उपाययोजनांविषयी, त्या कायदेशीर मार्गांनी बदलून घेण्याच्या हेतूने, नापसंती व्यक्त करणे हा अपराध नव्हे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे टीका आणि द्वेष यांत फरक आहे, हे परक्या सरकारनेही कागदोपत्री मान्य केले होते. अडचण अशी होती की हा फरक ठरविण्याचा अधिकार ज्याच्यावर टीका झाली त्याच्याच हाती होता.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या न्यायालयात महात्मा गांधींनी या कलमातील मूळ दोष उघड केला. प्रीती ही कायद्याने निर्माण करता येत नाही, असे त्यांनी न्यायाधीशाला सांगितले आणि अपराध कबूल करून जास्तीत जास्त शिक्षेची मागणी केली. सरकारला प्रजेकडून कर मागता येतो, कायद्याचे पालन मागता येते, शांतता मागता येते. प्रीती मागता येत नाही. ती कर्तृत्वाने मिळवावी लागते. देशावरील प्रीती मात्र निराळी आहे. ती मागण्यापूर्वीच असते, आणि ती असते म्हणूनच सरकारच्या उणिवा बोचतात.

क्षमापत्र

सप्रे यांच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंग अटकेनंतर आला. चरित्रकार सांगतात की, त्यांच्या सुटकेसाठी कुटुंबीयांनी अतिशय आग्रह धरला आणि वडील बंधूंनी तर प्राणत्याग करण्याचे बोलून दाखविले. अखेर सप्रे यांनी क्षमापत्रावर सही केली आणि त्याच वर्षी ते तुरुंगातून सुटले. ज्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांच्यापैकी अनेकांनी पाठ फिरविली.

या प्रसंगाकडे दोन प्रकारे पाहिले जाते. काहीजण त्यात केवळ दुबळेपणा पाहतात. काहीजण कौटुंबिक परिस्थिती पुढे करून तो प्रसंग झाकून टाकतात. दोन्ही मार्ग अपुरे आहेत. क्षमापत्रामुळे सप्रे यांच्या लेखनातील एकही विधान खोटे ठरत नाही. ते फक्त एवढेच दाखविते की, खऱ्या बोलण्याची किंमत लेखकाकडून वसूल करता आली नाही, तर सत्ता ती त्याच्या घरच्यांकडून वसूल करू शकते. टिळकांनी शिक्षा भोगली. सप्रे यांना ती भोगता आली नाही. हा भेद पुसून टाकण्याचे कारण नाही. परंतु नागरिकाला हौतात्म्य आणि शरणागती यांपैकीच एक निवडावे लागेल अशी व्यवस्था जेथे असते, तेथे दोष केवळ शरण जाणाऱ्याकडे जात नाही. सामान्य धैर्याच्या माणसालाही सत्य बोलता यावे, ही चांगल्या राज्याची खूण आहे.

स्वतः सप्रे यांनी स्वतःला क्षमा केली नाही. त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले, काही काळ रामदासी वृत्तीने मधुकरी मागून दिवस काढले आणि ‘दासबोधा’चे पारायण आरंभिले. पुढे त्याच ग्रंथाचा त्यांनी हिंदीत अनुवाद केला. जो दुसऱ्यांच्या पुस्तकांतील दोष निर्भीडपणे दाखवीत असे, त्याने तीच कसोटी स्वतःला लावली. या आत्मपरीक्षणामुळे त्यांच्या पूर्वीच्या टीकेचे मोल कमी होत नाही. उलट ती द्वेषातून आलेली नव्हती याचा पुरावा मिळतो.

बोलण्यामागील काम

रायपूरला परतल्यावर सप्रे यांनी जे केले ते कमी गाजले, पण अधिक टिकले. त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा हिंदी अनुवाद सप्रे यांनी केला. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचेही त्यांनी हिंदी रूपांतर केले. १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले त्यामागे त्यांची प्रेरणा होती आणि संपादकपदी माखनलाल चतुर्वेदी होते. पुढील वर्षी चतुर्वेदींनाही राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात जावे लागले. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्रे यांना देण्यात आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे जुने सहकारी वामनराव लाखे यांचे उदाहरणही येथे पाहण्यासारखे आहे. लाखे वकील होते. रायपुरात सहकारी बँकेची उभारणी करून शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडविण्याचा प्रयत्न त्यांनी केला. सरकारने त्यांना मानाची पदवी दिली. असहकाराच्या चळवळीत त्यांनी ती परत केली. सहकारी संस्थेचे काम मात्र सोडले नाही. सरकारचा मान नाकारता येतो, पण शेतकऱ्याची गरज नाकारता येत नाही, हा विवेक त्यात दिसतो.

टीका नेमकी असली म्हणजे तिला किती बळ येते, हे त्याच काळातील कंडेल गावाने दाखविले. हे गाव धमतरीजवळ असून त्या वेळी रायपूर जिल्ह्यात होते. १९२० मध्ये कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने सगळ्या गावावर दंड बसविला. छोटेलाल श्रीवास्तव, नारायणराव मेघावाले आणि पंडित सुंदरलाल शर्मा यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. वसुलीसाठी जनावरे जप्त करून बाजारात लिलावाला आणली, तर बोली बोलण्यास कोणी पुढे येईना. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. गावकऱ्यांनी साम्राज्याविषयी सिद्धान्त मांडला नव्हता. हा आरोप खोटा आहे आणि हा दंड अन्यायाचा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि ते सिद्ध करण्यासाठी लागणारे कष्ट सोसण्याची त्यांची तयारी होती.

सरकार आपले झाल्यावर

येथपर्यंतचा इतिहास परक्या सरकारविरुद्धचा आहे. कोणी असे म्हणेल की, परक्यांवर टीका करणे हे देशभक्तीचे काम होते. सरकार आपले झाल्यावर मात्र टीका थांबली पाहिजे. या आक्षेपाचे उत्तरही रायपूरच्याच इतिहासात सापडते.

ठाकूर प्यारेलाल सिंह हे छत्तीसगडातील स्वातंत्र्यलढ्याचे एक प्रमुख नेते. १९२० मध्ये राजनांदगाव येथील कापड गिरणीच्या कामगारांचा संप त्यांनी चालविला. पुढे ते रायपूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि विणकरांची सहकारी संस्था त्यांनी उभी केली. पंडित रविशंकर शुक्ल हे रायपूरचेच; स्वातंत्र्याच्या लढ्यात दोघांचे ध्येय एक होते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर नागपूरच्या विधानसभेत शुक्ल मुख्यमंत्री म्हणून बसले आणि काँग्रेस सोडून आचार्य कृपलानींच्या पक्षात गेलेले ठाकूर प्यारेलाल सिंह विरोधी पक्षाचे नेते म्हणून त्यांच्यासमोर बसले. यांपैकी कोणाची देशभक्ती कमी होती, असा प्रश्न विचारणेदेखील हास्यास्पद ठरेल. विरोधी नेत्याने पुढे भूदानाचे काम पत्करले आणि त्याच कामात १९५४ मध्ये त्यांचा अंत झाला.

स्वकीय सरकारवरील टीका परकीय सरकारवरील टीकेपेक्षा अधिक आवश्यक असते, असेही म्हणता येईल. परक्या सरकारच्या कृत्यांची जबाबदारी प्रजेवर नव्हती. आपण मत देऊन निवडलेल्या सरकारचे कृत्य मात्र आपल्या नावाने होत असते. त्यातील चूक पाहून गप्प राहणारा नागरिक त्या चुकीत भागीदार होतो.

घटना समितीतील सभासदांपैकी अनेकांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता. म्हणूनच भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीतून ‘राजद्रोह’ हा शब्द १९४८ मध्ये कन्हय्यालाल मुनशी यांच्या सूचनेवरून वगळण्यात आला. दंडसंहितेतील कलम मात्र राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले, परंतु हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता भंग करण्याची प्रवृत्ती असलेल्या कृत्यांपुरते त्याला मर्यादित केले. कठोर शब्दांतील टीकाही त्याच्या बाहेर ठेवली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्या कलमाचा वापर स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी कलम १५२ आहे. सरकारच्या कृतीविषयी कायदेशीर बदलाच्या हेतूने नापसंती दर्शविण्याला संरक्षण देणारे जुने स्पष्टीकरण त्यातही ठेवले आहे. शब्द बदलले, तरी सीमारेषा प्रामाणिकपणे आखण्याची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच पोलीस, न्यायालय आणि नागरिक यांच्यावर आहे.

प्रामाणिक टीकेची लक्षणे

या सर्व विवेचनातून काही लक्षणे हाती येतात. पहिले लक्षण असे की, प्रामाणिक टीका तथ्यावर उभी असते आणि नेमक्या कृत्याविषयी बोलते; कंडेलचा दंड हे त्याचे उदाहरण. दुसरे, ती तीच कसोटी आपल्या माणसांना आणि स्वतःलाही लावते. आपल्या पक्षाच्या सरकारवर जी टीका करवत नाही, ती दुसऱ्याच्या सरकारवर करण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. तिसरे, तिच्यामागे काम असते: शाळा, सहकारी संस्था, विणकरांचा संघ. चौथे, ती सुधारणेची अपेक्षा ठेवते. द्वेषाला समोरच्याचा नाश हवा असतो. टीकेला समोरचा बदलावयास हवा असतो.

त्याचप्रमाणे स्तुतीचीही परीक्षा करावयास हवी. सत्तेचे प्रत्येक कृत्य योग्यच आहे असे म्हणणारा मनुष्य देशावर नव्हे, तर सत्तेवर प्रेम करीत असतो. सत्ता बदलताच त्याचे प्रेमही जागा बदलते.

राज्य, सरकार आणि देश ही तीन निरनिराळी नावे आहेत. सरकार काही वर्षांचे असते. राज्याची घटना बदलू शकते. देश म्हणजे त्या भूमीवर राहणारी माणसे. सप्रे यांच्या कथेतील जमीनदाराला टोपलीभर माती उचलता आली नाही, कारण त्या मातीवर हक्क विधवेचा होता. ज्याला हे उमगले त्याला सरकारचे कौतुक करताना संकोच वाटत नाही आणि त्याचे चुकले असे सांगताना भीती वाटू नये. अशी भीती वाटत असेल, तर ती दूर करणे हेही देशभक्तीचेच काम होय.